विमानाखालचे बाण: रॉकेट, अग्निबाण की क्षेपणास्त्र?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. दुसऱ्या महायुद्धावरच्या मजकुरात त्यांनी असं वाक्य लिहिलं: ‘ब्रिटिशांनी हरिकेन विमानांवरून आरपी-3 क्षेपणास्त्रे डागण्याच्या चाचण्या घेतल्या.’ संपादकांनी ‘क्षेपणास्त्रे’भोवती गोल करून शेजारी ‘अग्निबाण?’ असं लिहून परत पाठवलं. बरोबर कोण?

संपादकांची शंका रास्त आहे, पण उपाय मला पटत नाही.

फोड करून पाहिली तर ‘क्षेपणास्त्र’ इथे चपखल बसतं. क्षेपण म्हणजे फेकणं आणि अस्त्र म्हणजे फेकून मारायचं हत्यार (हातात धरून चालवायचं ते शस्त्र). आरपी म्हणजे ‘रॉकेट प्रोजेक्टाइल’, आणि त्यातल्या ‘प्रोजेक्टाइल’चा अर्थही तोच. पण शब्द व्युत्पत्तीवर जगत नाहीत. पृथ्वी, अग्नी, ब्रह्मोस यांच्या बातम्या वाचून आपल्या मनात क्षेपणास्त्र म्हणजे स्वतःची वाट शोधणारं अस्त्र असं पक्कं झालंय. आरपी-3 ला असली काही अक्कल नव्हती. 3 इंच व्यासाची, कॉर्डाइट (बिनधुराची दारू) भरलेली नळी, मागे चार पंख, पुढे 60 पौंडी स्फोटक डोकं किंवा 25 पौंडी भरीव पोलादी डोकं, एवढाच मामला. (त्या 3 चा अर्थ ‘तिसरी आवृत्ती’ असा नाही, तो नळीचा व्यास आहे. अनुवादात हे हमखास चुकतं.) नेम धरायचा तर वैमानिकाला अख्खं विमानच लक्ष्यावर रोखावं लागे, आणि एकदा सुटलं की त्याच्या हाती काही उरत नसे. एका चाचणीत आठ ब्रिटिश टायफून लढाऊ विमानांनी मोकळ्या जागी उभ्या असलेल्या एकट्या जर्मन पँथर रणगाड्यावर 64 रॉकेटं सोडली, त्यांतली तीन लागली. ‘64 क्षेपणास्त्रे, तीन अचूक’ असं लिहिलंत तर आजच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटेल.

आता ‘अग्निबाण’. यातला ‘बाण’ अस्सल आहे. मराठी फौजांत जंबुरे, सुतरनाळा अशा हलक्या तोफांच्या जोडीने बाण असत आणि ते धनुष्याचे नव्हते. टिपूच्या सैन्याचे लोखंडी नळीचे बाण इंग्रजांनी श्रीरंगपट्टणला सोसले आणि मग विल्यम काँग्रीव्ह या इंग्रज संशोधकाने त्यांचीच वाट पुढे चालवली. दिवाळीत बाटलीत उभा करतो त्यालाही कित्येक घरांत अजून बाणच म्हणतात. पण पुढे ‘अग्नि’ लागला की एकीकडे पौराणिक मालिका आठवते आणि दुसरीकडे अंतराळात जाणारं यान. टायफूनच्या पंखाखाली दोन्ही शोभत नाहीत.

म्हणून साधं ‘रॉकेट’ लिहा. तो शब्द मराठीत केव्हाच मुरलाय.

संपादकांच्या नजरेतून सुटलेलं क्रियापद मात्र मला जास्त खुपतं. बॉम्ब टाकतात, गोळ्या झाडतात, तोफ डागतात, बाण सोडतात. ‘डागणं’ म्हणजे मुळात चटका देणं, बत्ती लावणं. तोफेसाठी ते ठीकच. तोफ उडाली की मागे धक्का देते. रॉकेट तसा धक्का देत नाही, ते नुसतं सुटतं. म्हणूनच तर स्वोर्डफिशसारख्या जुनाट, कापडी दुपंखी विमानालाही ते झेपलं. प्रश्न धक्क्याचा नव्हता, जाळाचा होता, म्हणून खालच्या पंखांना धातूचा पत्रा चढवावा लागला. तेव्हा ‘रॉकेटं सोडली’ हेच नेमकं. वर्तमानपत्रं काहीही ‘डागोत’.

‘नेम चुकला’ हा शब्दप्रयोगही इथे जपून वापरायचा. पाणबुडीच्या अलीकडे, पाण्यात पडलेलं रॉकेट फुकट जात नाही. ते पाण्याखाली वर वळत पुढे जातं आणि पाणबुडीला पाण्याच्या रेषेखाली भोक पाडू शकतं, हे चाचण्यांतच लक्षात आलं. म्हणून पाणबुडीसाठी स्फोटक डोक्यापेक्षा भरीव पोलादी डोकं सरस ठरलं. 23 मे 1943 रोजी ‘आर्चर’ या विमानवाहू जहाजावरच्या स्वोर्डफिशने जर्मनांची यू-752 बुडवली ती अशाच रॉकेटांनी. म्हणजे अलीकडे पडलं तरी नेम साधलेलाच.

मजकुरात पुढे कुठे ‘यूपी’ आलं तर दचकू नका, तेही ब्रिटिशांचं रॉकेटच. तोफेचा गोळा गरगरत जातो, रॉकेट तसं फिरत नाही, म्हणून ‘अनरोटेटेड प्रोजेक्टाइल’ असं मुद्दाम गुळगुळीत नाव ठेवलं होतं, रॉकेटाचा सुगावा लागू नये म्हणून. त्याचं भाषांतर न करता ‘यूपी’ हे सांकेतिक नाव म्हणूनच ठेवा, आणि पहिल्या उल्लेखाला ‘न फिरणारा गोळा’ असा खुलासा जोडा.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘ब्रिटिशांनी हरिकेन विमानांवरून 3 इंची आरपी रॉकेटं सोडून पाहिली.’ ‘सोडून पाहिली’त चाचणी आलीच. औपचारिक मजकूर असेल तर ‘सोडण्याच्या चाचण्या घेतल्या’ म्हणा.