आईला बेल्स पाल्सी (चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं) झालाय, उजवा डोळा झोपेतही उघडा राहतो, कापूस ठेवून पट्टी बांधली तर चालेल का? आणि हे किती दिवस?

पहिलं म्हणजे तो कापूस आजच बंद करा. पट्टीच्या आत डोळा उघडाच असतो ना, मग कापूस रात्रभर सरळ बुबुळावर घासत बसतो आणि सकाळी डोळा लाल. मी सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात काम करतो, तिथे असे पेशंट नेहमी येतात, आणि बहुतेकांचं सगळं लक्ष वाकड्या तोंडाकडे असतं, डोळ्याचं कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत.

होतं काय, की पापणी मिटणारा स्नायू चेहऱ्याच्या सातव्या नसेवर चालतो आणि वरची पापणी उचलणारा तिसऱ्या नसेवर. सातवी सुजली की मिटणारा ढिला पडतो, उचलणारा मात्र ठणठणीत, म्हणून डोळा उघडाच राहतो, आणि मग अश्रू सगळीकडे पसरत नाहीत, बुबुळाचा खालचा भाग सुकतो, तिथे ओरखडे, पुढे जखम, आणि जखम चिघळली तर फूल पडून नजर कायमची जाऊ शकते. नस बहुतेक लोकांची आपोआप सुधारते, बुबुळावरचं फूल मात्र आपोआप जात नाही. म्हणून नस सुधारेपर्यंत बुबुळ ओलं ठेवायचं, तुमच्या हातात मुख्य काम हेच आहे.

एक गोष्ट घरीच बघा. आईंना डोळा मिटायला सांगा आणि उरलेल्या फटीतून काय दिसतं ते बघा. फक्त पांढरं दिसलं म्हणजे बुबुळ वर सरकतंय, थोडा दिलासा. काळं दिसत असेल तर एक-दोन दिवसांतच डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा, ते पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघतात, ओरखडा असेल तर लगेच कळतो. (तसं दाखवायला तर सगळ्यांनीच पाहिजे.)

दिवसा कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोजचे थेंब, सुरुवातीला दर एक-दोन तासांनी. इतक्या वेळा घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. रात्री पॅराफिनवालं वंगण मलम खालच्या पापणीत, मग पापणीबाहेरचं तेलकट पुसून काढा नाहीतर चिकटपट्टी टिकणार नाही, वरची पापणी बोटाने हळूच पूर्ण खाली आणा आणि मायक्रोपोर टेप वरच्या पापणीवरून गालापर्यंत लावा. डोळा पूर्ण मिटलाय ना ते बघूनच हात काढा. मलमाने अंधुक दिसतं, घाबरू नका. पंख्याचा झोत तोंडावर नको, बाहेर जाताना गॉगल, स्कूटरवर मागे बसल्या तर हेल्मेटची काच खाली. आणि दिवसभर आठवण करून देत राहा की बोटाने पापणी मिटा, कुष्ठरोगाच्या पेशंटनाही मुद्दाम डोळे मिटायची अशीच सवय लावतात.

मेडिकलवाल्याकडून 'डोळे आल्याचं' म्हणून स्टिरॉइडचे थेंब आणू नका प्लीज. पोटात घ्यायची स्टिरॉइडची गोळी वेगळी, ती पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर नसेला फायदा होतो, ती डॉक्टरांनी दिली असेल तर मध्येच सोडू नका. गुलाबपाणी, मध, एरंडेल यातलं काही डोळ्यात नको, कबुतराच्या रक्ताचं तर नावच काढू नका.

किती दिवस, तर बऱ्याच जणांना तीन आठवड्यांत थोडी हालचाल दिसते, पूर्ण व्हायला काही महिने लागू शकतात. तीन-चार महिन्यांनी काहीच हललं नाही तर निदान पुन्हा तपासून घ्या, कानाचा संसर्ग, नागीण, गाठ, कुष्ठरोग असं काही असू शकतं. गालावर बधिर चट्टा आहे का तेही बघा, कारण कुष्ठरोगात बुबुळही बधिर होऊ शकतं, आणि बुबुळच बधिर असेल तर जखम होऊनही दुखत नाही आणि तिथेच लोक फसतात. नस सुधारलीच नाही तर पापण्यांचे कोपरे शिवणं किंवा वरच्या पापणीत सोन्याचं छोटंसं वजन बसवणं असे उपाय आहेत, पण ती पुढची गोष्ट.

डोळा दुखला, उजेड सहन होईना, धूसर वाटलं किंवा काळ्यावर पांढरा ठिपका दिसला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.