आधी तिचा दिवस

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि कथेची वीस पानं रविवारी मिळाली. दोनदा वाचली. ख्रिस्ती बाईच्या कथेसाठी उत्तर आफ्रिकेतलं रोमन शहर कार्थेज निवडलंस, इ.स. २०० च्या आसपासचा काळ घेतलास, ते आवडलं. पण ‘बाई, ती बंडखोर दाखवू की दबलेली?’ हा तुझा प्रश्न वाचून मी चिडले. अगं, हा प्रश्न आपल्याला पडलाय, तिला नव्हे. तिला त्या दिवशी दळण होतं. आधी तिचा दिवस लिही. ती कशी होती ते त्यातून कळेल.

पहिल्याच पानावर तू तिला खिडकीत बसवलंस, गळ्यात क्रूस, मांडीवर बायबल. असं एकसंध पुस्तक तेव्हा घरोघर कुठून असणार? बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. एकजण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आणि क्रूस गळ्यात नव्हता, बोटांत होता. त्याच शहरातला, त्याच काळातला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहून गेलाय, की घरातून निघताना, जोडे घालताना, न्हाताना, जेवायला बसताना, दिवे लावताना, निजताना आम्ही कपाळावर ती खूण करतो. वसईला माझी आजी अस्संच करायची. एका हातात काड्यापेटी, दुसरा हात कपाळाकडे, नजर मात्र चुलीवरच्या भातावर. ती नजर तुझ्या पानांत नाही.

टर्टुलियनचंच दुसरं लिखाण काढ, बायकोला उद्देशून लिहिलेलं. ख्रिस्ती बाईनं परधर्मातल्या माणसाशी लग्न करू नये, हे पटवायला तो बसला होता. पण धाक घालता घालता त्यानं तिचा सगळा दिवस उलगडून ठेवला. तिचा उपास असला की नेमकी त्याच दिवशी नवऱ्याकडे मेजवानी. तिला प्रार्थनेला निघायचं असलं की नेमकं तेव्हाच घरात काम निघतं. कुठला नवरा बायकोला गल्लीबोळांतून परक्यांच्या, तेही गरिबांच्या झोपड्यांत जाऊ देईल? रात्रीच्या सभेसाठी अंथरुणातून उठू देईल? आणि सकाळी काही खाण्याआधी ती गुपचूप भाकरीचा तुकडा तोंडात टाकते, तो कसला, हे त्यानं विचारलं तर?

थांब इथे. सभेतून घरी आणलेली ती पवित्र भाकरी ती कुठे ठेवत होती? कशात गुंडाळून? दासीनं पाहिली असेल का? तुझी कथा या तुकड्यात आहे, आणि तू तिला थेट सिंहांपुढे नेऊन उभी केलीस!

हे मी अधिकारानं सांगते, कारण ही चूक मी आधी केली आहे. तिशीत मी पर्पेतुआवर नाटिका लिहिली होती. ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही म्हणून २०३ साली कार्थेजच्या रिंगणात मारली गेली ती, वय जेमतेम बावीस. मी रिंगण लिहिलं, रक्त लिहिलं, लांबलचक स्वगत लिहिलं. टाळ्या पडल्या. तिचं तान्हं मूल मात्र माझ्या नाटिकेत कुठेच नव्हतं. आणि तिचं स्वतःचं तुरुंगातलं निवेदन वाच! अंधार, गर्दीचा उकाडा, आणि सारखा घोर त्या बाळाचा. चर्चच्या दोन सेवकांनी पैसे चारून काही तास बऱ्या जागेत हलवलं, तेव्हा भुकेनं मलूल झालेल्या पोराला तिनं पाजलं. पुढे तिच्या बापानं मूल परत द्यायचं नाकारलं, तर ती लिहिते की बाळानं पुन्हा दूध मागितलं नाही आणि मलाही छातीला ठणका लागला नाही. अठराशे वर्षांपूर्वीची बाई दूध भरून येण्याबद्दल बोलते आहे, आणि मी ते गाळलं. कारण मला ते ‘घरगुती’ वाटलं. याची रुखरुख अजून आहे.

नंतर मी सगळं नव्यानं लिहिलं, फक्त बाळ आणि तुरुंग. प्रकाशक म्हणाले, यात श्रद्धा कुठे आहे? मी वही उचलून घरी आले. लोक मला हेकट म्हणाले. म्हणोत. त्या दुधापलीकडे श्रद्धा आणखी कुठे दाखवायची असते, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. त्या वेळी नमते तर पुस्तक निघालं असतं, हेही खरं. पण ते पर्पेतुआचं नसतं.

तू विचारतेस, साध्या बाईचे पुरावे कुठे शोधू? यादी चालेल का तुला? ३०३ साली सिर्ता गावात, आजच्या अल्जीरियात, रोमन सरकारी माणसांनी चर्चवर जप्ती आणली आणि एकेक वस्तू लिहून घेतली. चांदीचे पेले, दिवे, आणि मग बायकांचे ८२ अंगरखे, ३८ ओढण्या, बायकांचे ४७ जोड जोडे. पुरुषांचे अंगरखे १६, जोडे १३ जोड. गरिबांना वाटायलाच जमवलेले असणार. मी ही यादी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ त्या ४७ वरच थांबले होते. कुणीतरी ते पुसून, जोडीला जोड लावून ठेवले असतील. ती कोण? स्वतः अनवाणी होती का? इथेही तेच, पोरी, आधी तिचा दिवस.

आता पहिली वीस पानं बाजूला ठेव, फाडू नकोस. मला चार पानं पाठव, पहाटेपासून दिवे लागेपर्यंतची. त्यांत बिशप नको, सिंह नको. दळण कुणी केलं, पाणी कुणी आणलं, सासूला काय सांगून ती बाहेर पडली आणि तो भाकरीचा तुकडा कशात गुंडाळला होता, एवढं असू दे. टाईप करत बसू नकोस, हातानं लिहिलेलं चालेल.

तुझ्या
बाई