लावणी यंत्राने श्री पद्धतीचा भात करता येतो का?

तुमच्याकडे दोन एकर खाचरं आहेत, श्री पद्धतीने (एसआरआय) भात करायचाय, पण एकेक रोप लावायला माणसं मिळत नाहीत. यंत्राने लावला तर ती श्री पद्धत राहते का आणि यंत्र विकत घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी चार ओळींचं, मागून चालत चालवायचं लावणी यंत्र चालवतो. स्वतःचं शेत झालं की भाड्याने दुसऱ्यांकडेही जातो. त्या अनुभवावरून सांगतो: जमतं. फक्त काही नियम थोडे वाकवावे लागतात, आणि कुठले वाकवायचे ते आधी ठरवायला हवं.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला मादागास्करमध्ये आंरी द लोलानिए या फ्रेंच धर्मगुरूंनी ही पद्धत बसवली. तिथल्या शेतकऱ्याकडे हात होते, यंत्रं नव्हती. म्हणून नियमही हाताने पाळता येतील असेच: 8 ते 12 दिवसांचं रोप, एका जागी एकच, 25 बाय 25 सेंमीचा चौकोन, पाणी सतत तुंबवायचं नाही, तण हाताने ढकलायच्या वीडरने (निंदणीचं अवजार; आपल्याकडे फिरत्या दातेरी शंकूंचा कोनो वीडर वापरतात) मातीतच गाडायचं.

पहिली अडचण रोपाच्या वयाची. यंत्राला रोप मॅटमध्ये लागतं, म्हणजे दोन-अडीच सेंमी चाळलेल्या मातीच्या थरात दाट वाढवलेलं, मुळं एकमेकांत गुंतलेलं. दहाव्या दिवशी मॅट उचललीत तर ती मधेच तुटते आणि यंत्राच्या नखांत (रोप खुडून लावणाऱ्या चिमट्यांत) रोपाऐवजी मातीची ढेकळं येतात. चौदा-पंधरा दिवसांची मॅट एका कोपऱ्याला धरून उचलली तरी अखंड राहते. मग श्रीचा फायदा गेला का? दिवसांपेक्षा पानं मोजा. कोवळं रोप लावायचं ते फुटव्यांची क्षमता शाबूत राहावी म्हणून. रोप तीन पानांवर असेतो ती बरीचशी टिकते. उबदार हवेत ही अवस्था साधारण पंधरवड्यापर्यंत असते, थंडीत आणखी लांबते. तेव्हा चौदा दिवसांचं, तीन पानी रोप मी बिनधास्त लावतो. एकवीस-पंचवीस दिवसांचं रोप यंत्राने लावून त्याला श्री म्हणणारेही भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एका जागी एकच रोप हा हट्ट मात्र सोडा. नखं मॅटचा ठरावीक तुकडा खुडतात, त्यात किती रोपं येतील ते बी किती दाट पेरलंय त्यावर ठरतं. फार विरळ पेरलं तर निम्म्या जागा रिकाम्या जातात आणि नांगे भरण्यात वाचवलेली मजुरी परत जाते. दोन-तीन रोपं येतील इतकं पेरा. हाताच्या श्रीला हेक्टरी 5 ते 8 किलो बी पुरतं, यंत्राला त्याच्या काही पट लागतं. एवढा तोटा सोसावा.

अंतराचं गणित तुम्हाला आवडेल. यंत्राच्या ओळी सहसा 30 सेंमीवर पक्क्या असतात, त्या बदलत नाहीत. ओळीतलं अंतर बदलता येतं, आणि बऱ्याच यंत्रांत सर्वांत मोठं 21 सेंमी असतं. 30 गुणिले 21 म्हणजे 630 चौरस सेंमी, आणि 25 गुणिले 25 म्हणजे 625. दोन्हीकडे चौरस मीटरला सोळाच्या आसपास चूड (एका जागी लावलेली रोपं) बसतात. म्हणजे झाडाला मिळणारी जागा तेवढीच राहते, चौकोनाचा आयत होतो इतकंच. चालकाला आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने 14-16 सेंमीवर लावून मोकळा होईल.

आयताची किंमत मोजावी लागते ती तणात. चौकोनी लावणीत वीडर उभा-आडवा दोन्हीकडून फिरतो, यंत्राच्या लावणीत एकाच दिशेने. दोन चुडांमधलं तण हाताने काढावंच लागतं. म्हणून पहिली फेरी चुकवू नका: लावणीनंतर दहा-बारा दिवसांत, आणि मग दर दहा दिवसांनी, ओळी झाकेपर्यंत. वीडर कोरड्या चिखलात अडकतो, शंकू फिरतच नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी दोन-तीन सेंमी पाणी घ्या. खरं तर पैसे थोडेच असतील तर मी लावणी यंत्राआधी इंजिनवाला वीडर घेईन. लावणी एकदाच असते, निंदणी तीन-चारदा.

जमीन सपाट नसेल तर वरचं सगळं वाया. खोलगट भागात कोवळी रोपं बुडतात, उंचवट्यावर तण माजतं. लहान खाचरात लेझर लेव्हलर वळतही नाही. चिखलणी झाल्यावर पाणी भरून फळी फिरवा, पाण्याबाहेर डोकावणारी माती खोलगट भागात ओढा. मग चिखल बसू द्या, हलक्या जमिनीत एक दिवस, भारी जमिनीत दोन-तीन. काठीने रेघ ओढून बघा. लगेच बुजली तर यंत्र रुतेल आणि रोपं तरंगतील, तशीच राहिली तर चिखल घट्ट झालाय. हळूहळू बुजली की यंत्र उतरवा, पाणी मात्र बोटभराहून कमी ठेवून.

पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची नळीची युक्ती सोपी आहे: भोकं पाडलेला फूटभर पाइप वीसेक सेंमी जमिनीत गाडायचा, आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंमीवर गेलं की पुन्हा भरायचं. फुलोऱ्यात मात्र ताण नको. तुमचं पाणी शेजाऱ्याच्या खाचरातून येत असेल तर या नळीचा उपयोग नाही, कारण पाणी कधी घ्यायचं ते तुमच्या हातात नसतं.

उत्पादन दुप्पट होईल असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. अशा मोठ्या आकड्यांवर शास्त्रज्ञांतही वाद झालेले आहेत.

यंत्र विकत घेऊ नका. चार ओळींचं यंत्र दिवसाला दोन-अडीच एकर लावतं, म्हणजे तुमचं काम एका दिवसाचं आणि उरलेलं वर्ष ते गोठ्यात. आसपासच्या पाच-सात जणांनी मिळून भाड्याने आणा, आणि रोपवाटिका एकाच दिवशी न टाकता दोन-दोन दिवसांच्या अंतराने टाका. सगळ्यांची मॅट एकदम तयार झाली तर शेवटच्याचं रोप जून होतं. आधी यंत्रवाल्याकडून तारीख पक्की करा, मगच बी भिजवा. तरीही यंत्र आलं नाही आणि सतरावा-अठरावा दिवस उजाडला तर वाट बघत बसू नका. मॅटचे तुकडे करा, दोरी धरा आणि घरच्या माणसांनी जमेल तेवढं हातानेच लावून घ्या.