अपेंडिक्सच्या पेशंटला कोलनचा आकडा सांगू नकोस

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. पोट वाढतंय म्हणून आलेली चाळिशीतली बाई, सीटीत पोटभर दाट द्रव, आणि बायोप्सीत अपेंडिक्सचा लो-ग्रेड म्युसिनस (संथ पेशींचा, जेलीसारखा द्रव बनवणारा) कॅन्सर, पोटाच्या अस्तरावर पसरलेला. तू विचारतेस, उद्या तिच्या नवऱ्याशी बोलायचंय, चौथी स्टेज म्हणजे दोनेक वर्षं असं सांगू का? नको सांगूस. फोनवरही बोललो असतो, पण हा प्रश्न तुला पुन्हा पुन्हा पडणार आहे, म्हणून लिहूनच पाठवतोय.

कोणत्या स्टेजला किती जगतात याचा तुझ्या डोक्यात जो तक्ता आहे तो मोठ्या आतड्याच्या, म्हणजे कोलनच्या कॅन्सरचा आहे. तो आपल्याला पाठ असतो, कारण ते पेशंट रोज येतात. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे गाठ आतड्यापुरती असेल तर पाच वर्षांनी ९० टक्के पेशंट जिवंत असतात. लिम्फ नोडपर्यंत गेली असेल तर ७० टक्क्यांच्या थोडे वर, आणि लिव्हर-फुप्फुसात पोहोचली की जेमतेम १५ टक्के. आपल्याकडे लोक उशिरा येतात, त्यामुळे आपले आकडे याहून खालीच धरायचे. या तक्त्यात स्टेज कळली की बरंचसं कळतं.

अपेंडिक्सचं तसं नाही. तिथे आधी पेशींची जात विचारायची, मग ग्रेड (पेशी किती आक्रमक आहेत ते), आणि स्टेज त्यानंतर. एकाच बोटभर अवयवातून निघणारे हे वेगवेगळे आजार आहेत. एक सेंटिमीटरच्या आतला कार्सिनॉइड (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची, सहसा संथ गाठ) अपेंडिक्स काढताना योगायोगाने सापडतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच विषय संपतो. पेशंट पुढे पूर्ण आयुष्य जगतो. दोन सेंटिमीटरच्या वर गेला की मात्र उजवं कोलन काढायचा विचार करावा लागतो. कोलनसारखा दिसणारा अडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) कोलनसारखाच वागतो. त्याला तुझा नेहमीचा तक्ता आणि नेहमीचं ऑपरेशन चालेल. गॉब्लेट सेल नावाचा प्रकार या दोघांच्या मधला. सिग्नेट रिंग सेल (अंगठीसारख्या दिसणाऱ्या आक्रमक पेशी) दिसल्या तर मात्र सावध हो, पोटात पसरल्यावर तो कोलनच्या चौथ्या स्टेजइतकाच किंवा त्याहून वाईट निघू शकतो.

तुझी पेशंट या सगळ्यांहून वेगळी आहे. तिचं पोट उघडशील तेव्हा पिवळसर, शिजलेल्या साबुदाण्यासारखा चिकट पदार्थ हाताला लागेल. तो कुठे साठलाय ते नीट बघ: उजव्या डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) खाली, ओमेंटममध्ये (आतड्यांवरच्या चरबीच्या पदरात), ओटीपोटात. मग लहान आतडं उचलून बघ. लो-ग्रेडमध्ये ते पुष्कळदा बरंच स्वच्छ सापडतं. या पेशींना चिकटायची खोड कमी असते. त्या द्रवाबरोबर वाहत जातात आणि जिथे द्रव शोषला जातो किंवा वजनाने खाली साचतो तिथे जमतात. लहान आतडं सतत हलत असतं, म्हणून ते वाचतं. हाय-ग्रेडच्या पेशी पडतील तिथे रुजतात, लहान आतड्यावर आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यावर, मेसेंटरीवरही. आता विचार कर. ओमेंटम काढता येतं, डायफ्रामवरचं अस्तर सोलता येतं, पण सगळं लहान आतडं काढून माणूस जगवता येत नाही. या दोन पेशंटच्या पुढच्या दहा वर्षांतला फरक मुख्यतः इथे ठरतो.

म्हणूनच वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी अस्तर सोलून काढण्याची ही पद्धत रुजवली आणि तिला पोटात गरम किमो फिरवण्याची जोड दिली. २०१२ मध्ये १६ केंद्रांतल्या २,२९८ पेशंटचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. अपेंडिक्समधून निघून पोटभर पसरलेला आजार, आणि तरीही मध्यम आयुर्मान (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगतात तो काळ) १६ वर्षांच्या वर, दहा वर्षांनी ६३ टक्के जिवंत. हे ऑपरेशनसाठी निवडलेले, अनुभवी हातांखाली गेलेले पेशंट होते, हे मात्र विसरू नकोस. ऑपरेशनच न झेपणाऱ्याला हा आकडा लागू नाही.

याच्या शेजारी कोलन ठेव. कोलनचा कॅन्सर अस्तरावर पसरलेल्या पेशंटवर फ्रान्समध्ये मोठी चाचणी झाली. सगळ्यांचं पोट शक्य तितकं साफ केलं, निम्म्यांना त्याशिवाय पोटात गरम ऑक्झालिप्लॅटिन हे किमोचं औषध दिलं. दोन्ही गटांचं मध्यम आयुर्मान साधारण ४१ महिनेच निघालं. कोलनसाठी ४१ महिने चांगलेच म्हणायचे, पण ते श्रेय नीट केलेल्या सर्जरीचं आहे, गरम किमोचं नाही. अपेंडिक्समध्येही जोर सफाईवरच दे. अडीच मिलिमीटरच्या वर काही मागे राहिलं तर पुढचं गणित बिघडतं.

किमोच्या बाबतीतही कोलनची सवय आड येते. रिपोर्टमध्ये मेटास्टॅटिक वाचलं की हात आपोआप फॉलफॉक्स, म्हणजे कोलनची नेहमीची किमो, लिहायला जातो. लो-ग्रेड म्युसिनसमध्ये नसेतून किंवा गोळ्यांनी दिलेल्या किमोचा फायदा दिसत नाही. अमेरिकेत २४ पेशंटच्या एका छोट्या पण रँडमाइज्ड चाचणीत कॅपेसिटाबिन (किमोची गोळी) आणि बेव्हासिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) देऊनही एकाचीही गाठ आकसली नाही, त्रास मात्र झाला. मुळात जनुकंच वेगळी. कोलनमध्ये बहुतेकदा एपीसी नावाचं जनुक बिघडलेलं असतं, इथे जीनास आणि केरास. हाय-ग्रेडमध्ये किमोला जागा आहे, तिथे ती टाळू नकोस.

फॉलो-अपही वेगळा. कोलनचा आजार परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत परततो, पाच वर्षं शांत गेली की आपण पेशंटला मोकळं करतो. हिला पाच वर्षांनी सोडू नकोस. हा आजार संथ आहे आणि परततोही संथपणे. सीटी आणि सीईए, सीए १९-९, सीए १२५ या रक्तातल्या ट्यूमर मार्करच्या तपासण्या आधीच करून ठेव, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

एक गोष्ट तुझ्या रोजच्या कामातली. काढलेलं प्रत्येक अपेंडिक्स पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे. नातेवाईकांना बाटलीत दाखवून फेकून दिलेलं अपेंडिक्स मला फार अस्वस्थ करतं. आणि चाळिशीच्या वरच्या माणसाचा अपेंडिक्सचा गळू औषधांनी बसला, तर 'आता त्रास नाही ना' म्हणून सोडू नकोस. फिनलंडमध्ये अशा पेशंटवरची एक चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली, कारण जवळजवळ २० टक्क्यांत ट्यूमर निघाले, आणि ते सगळे चाळिशीपुढचे होते. कोलनोस्कोपी नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहू नकोस, तिला अपेंडिक्सचं फक्त तोंड दिसतं.

उद्या नवऱ्याला बसवून सांग, की आजार पोटात पसरलाय, पण हा आतड्याच्या नेहमीच्या कॅन्सरसारखा धावत नाही. ऑपरेशन मोठं आहे, आठ-दहा तास चालू शकतं, त्यात धोकाही आहे. सगळं निघालं तर कित्येक वर्षं मिळू शकतात, आणि निघेल का ते अनुभवी टीमने सीटी बघितल्यावर कळेल. वर्षांचा आकडा त्याने खोदून विचारला तरी ग्रेड पक्की होईपर्यंत देऊ नकोस. तिलाही त्या खोलीत बसव. आपल्याकडे बाईचा आजार बाईला सोडून सगळ्यांना कळतो.

सुईने पाणी काढायची घाई नको, जेली सुईतून येत नाही. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही पाठव, नुसता रिपोर्ट नको. सीटीची सीडीही पाठव. ग्रेड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून घेतो आणि परळला कोणाकडे पाठवायचं ते तुला कळवतो.

तुझा,
सर