पगार सोडला तर माणसाच्या कामाला काही अर्थ असतो का?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की हा अर्थ आपणच मनाच्या समाधानासाठी चिकटवतो का. मला तसं वाटत नाही.

मी साताऱ्याचा, माण तालुक्यातला. आजोबा आणि वडील दोघांनी मुंबईकडे पोतीच उचलली. आजोबांनी मशीद बंदरला, वडिलांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. आजोबा त्या कामाविषयी कधी बोलले नाहीत. मुकादम बोलावेल त्या दिवशी काम, देईल ती मजुरी, आजारी पडलं की गावची एसटी. वडील मात्र यात्रेला आले की पारावर ठणकावून सांगायचे, "मी माथाडी आहे." मधे डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला होता. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील त्यासाठी हमालांना घेऊन लढले. मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली, फंड आणि बोनस आला, रजिस्टरात नाव लागलं. पोत्याचं वजन तेवढंच राहिलं. वडिलांच्या बोलण्यातला ताठपणा तिथून आला असावा.

आजोबांसारख्या कामात जे होतं त्याला मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत परात्मता म्हटलंय: श्रम कामगाराचे उरत नाहीत, त्यामुळे काम सुटल्यावरच तो स्वतःचा असतो. ते वाचताना मला आजोबांचं गप्प बसणं आठवलं.

माझं स्वतःचं सांगतो. साताऱ्याला मी 'कमवा आणि शिका' योजनेतून, म्हणजे काम करून फी भागवत, शिकलो. रोज सकाळी बागेत खुरपणी, मग तास. आई दुसऱ्याच्या रानात रोजानं हेच करायची आणि ओळखीचं कुणी बांधावरून गेलं की मान खाली घालायची. माझ्या हातातलं खुरपं तेच होतं, पण त्यानं माझी फी भरली जात होती आणि मी कुणाचा मिंधा नव्हतो. 'कमवा आणि शिका' ही कल्पना ज्यांची, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र राबायची, एकत्र जेवायची. ज्या समाजात झाडू कुणी धरायचा हे जन्मानं ठरत होतं, तिथे ही फार मोठी गोष्ट होती. म्हणूनच गटारात उतरणाऱ्या माणसाला कुणी 'काम हीच पूजा' ऐकवलं की मला राग येतो. ते काम त्यानं निवडलंय का, हे आधी विचारा.

आई एकदा भेटायला आली आणि मला वाफ्यात बसलेला बघून रडायलाच लागली. "शिकायला आलास आन् खुरपायला लावत्यात व्हय?" मी तिला फीची पावती दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. आकडा किती ते विचारलं, स्वतःच्या रोजाशी मनात ताडून पाहिलं, आणि पावती घडी करून कनवटीला लावली.