ओल्या पुठ्ठ्याचा वास आला असेल, तर तो खरंच आलाय

तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही वाइन टेस्टिंगना जाताय. बाकीच्यांना ग्लासात चेरी, चामडं, व्हॅनिला सापडतं आणि तुम्हाला 'आंबट' आणि 'तुरट' यापलीकडे काही कळत नाही. एका रेड वाइनला भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा वास येतोय असं तुम्ही बोललात, तर ओतणाऱ्याने "तुमची जीभ अजून तयार व्हायची आहे" म्हणत विषय संपवला. आता तुम्ही विचारताय की नाकातच दोष आहे का, मोठा कोर्स लावावा का आणि द्राक्षाच्या प्रत्येक वाणासाठी वेगळे ग्लास घ्यावे लागतात का. त्यातलं वर्तमानपत्राचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, मी या व्यवसायातली नाही आणि माझ्याकडे कुठलंही सर्टिफिकेट नाही. आवडीने पिते, मित्रमंडळींबरोबर बाटल्या झाकून चाखते आणि जे वाचते ते ग्लासात पडताळून बघते. ग्लास कुठे धरायचा आणि का फिरवायचा हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे ते सगळं सोडून देते.

तुमच्या ग्लासातली वाइन बहुधा 'कॉर्क्ड', म्हणजे सहसा बुचामुळे बिघडलेली, होती. बहुधा म्हणतेय, कारण ग्लास माझ्या नाकाखाली नव्हता. पण ओलं वर्तमानपत्र, ओला पुठ्ठा, बंद तळघराचा कुबटपणा हे त्या दोषाचं अगदी ठरलेलं वर्णन आहे. यामागचं रसायन म्हणजे ट्रायक्लोरोअनिसोल, लोक त्याला टीसीए म्हणतात. बुचात किंवा तळघरातल्या लाकडात क्लोरिनयुक्त संयुगं असली आणि तिथे बुरशी वाढली, की ती बुरशी त्यांचं टीसीए करते. हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये हा गुन्हेगार शोधून काढला. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबात मोजावं इतकं थोडं टीसीए असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. म्हणजे तुमच्या नाकाने अत्यंत बारीक काम बिनचूक केलं आणि त्याबद्दल तुम्हालाच गप्प बसवलं गेलं.

आणखी एक गोष्ट टेस्टिंगमध्ये कुणी सांगत नाही. टीसीए अगदी कमी असलं तर कुबट वास येतच नाही, फक्त फळाचा गंध नाहीसा होतो. वाइन मुकी वाटते, घोट घेतला की मध्येच काहीतरी तुटल्यासारखं होतं. 2013 साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की टीसीए नाकातल्या गंधपेशींचं कामच दाबून टाकतं. अशी वाइन प्यायलेला माणूस 'बाटली खराब होती' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'हा वाण मला आवडत नाही'. किती चांगल्या वाइन लोकांनी याच कारणाने कायमच्या सोडल्या असतील, याचा विचार केला की जीव तुटतो.

आता माझं. मी सुरुवातीला एक कोर्स केला होता, नाव घेत नाही. टेबलावर बसल्या बसल्या हातात छापील कागद आला. त्यावर त्या संध्याकाळच्या प्रत्येक वाइनपुढे सगळे गंध आधीच लिहिलेले. एका जुन्या रेडपुढे 'माती, वाळकी पानं, जंगलातली जमीन' असं होतं. ग्लास नाकाशी नेला तर पावसात भिजलेलं खोकं उघडल्यासारखा वास. मी विचारलं, दुसरी बाटली उघडता येईल का? शिकवणाऱ्याने माझा ग्लास हातातही घेतला नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हीच ती माती. मुरलेल्या वाइनचं हेच तर वैशिष्ट्य. नवीन नाकाला सुरुवातीला त्रास होतो." माझ्या शेजारच्या बाईंनी स्वतःच्या वहीत 'पुठ्ठा' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि वर 'माती' लिहिलं. ती खोडलेली ओळ मला अजून दिसते. खोलीत कमीत कमी दोन नाकं बरोबर होती, आणि कागदापुढे दोन्ही हरली.

नंतर मी त्यांच्या कार्यालयाला लिहिलं. पैसे परत नको होते, फक्त ती बाटली कॉर्क्ड होती का एवढंच हवं होतं. उत्तर आलं की सर्व वाइन तज्ज्ञांनी निवडलेल्या असतात आणि चव ही व्यक्तिसापेक्ष असते. पुन्हा लिहिलं, तर पुढच्या वरच्या पातळीच्या कोर्सचं माहितीपत्रक आलं. चव व्यक्तिसापेक्ष असते हे मान्य. पण बाटलीत टीसीए आहे की नाही हे प्रयोगशाळेत मोजता येतं, ती काही आवडीनिवडीची बाब नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ करून शिकणाऱ्याला गप्प करणं मला आजही अक्षम्य वाटतं.

फी गेली त्याचं काही नाही. नुकसान झालं ते पुढे. कितीतरी काळ कुबट वास आला की मी त्यात थोरपण शोधायची आणि स्वच्छ, फळाने भरलेली रेड हाती आली की ती मला उथळ वाटायची. टेस्टिंगमध्ये तोंड उघडणं तर बंदच झालं. हे सुटलं ते एका जाणत्या माणसामुळे. त्यांच्याकडे एकाच वाइनच्या, एकाच सालच्या दोन बाटल्या उघडल्या होत्या आणि त्यातली एक कॉर्क्ड निघाली. त्यांनी ती ओतून टाकली नाही, मुद्दाम दोन ग्लास शेजारी ठेवले. एकात पिकलेल्या आलुबुखाराचा गंध होता आणि दुसऱ्यात त्या जागी काहीच नव्हतं, वर पुठ्ठ्याचा थर. अर्ध्या मिनिटात सगळं कळलं. ही संधी मिळाली तर सोडू नका. कॉर्क्ड वाइनने तब्येतीला अपाय होत नाही, त्यामुळे हुंगायला आणि चाखायला भिऊ नका. फक्त नाक त्या वासाला पटकन सरावतं, म्हणून पहिल्या हुंगण्यात जे वाटलं ते लगेच लिहून ठेवा. शंका असेल तर ग्लास दहा मिनिटं तसाच राहू द्या. कॉर्क्ड असेल तर वास सहसा वाढतो. काडी विझवल्यासारखा किंवा किंचित सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो वेगळा प्रकार, गंधकाचा. तो ग्लास फिरवल्यावर बऱ्याचदा उडून जातो.

छापील कागदाबद्दल माझं मत टोकाचं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. नाकाच्या आधी शब्द आले की टेस्टिंग संपलं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे फ्रेडरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एकच व्हाइट वाइन दिली, एकदा आहे तशी आणि एकदा गंधहीन लाल रंग घालून. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात रंगवलेल्या ग्लासासाठी त्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. नुसत्या रंगाने शिकलेली नाकं फिरतात, मग समोर छापलेल्या शब्दांनी काय होत असेल! दुसरीकडे, ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड लेंग यांच्या प्रयोगांतून दिसलं की मिश्रणातले तीन-चारपेक्षा जास्त गंध माणसाला वेगळे ओळखता येत नाहीत, आणि सरावलेली मंडळीही यात फारशी पुढे जात नाहीत. तेव्हा शेजारचा माणूस एका दमात बारा गंध सांगत असेल तर दडपून जाऊ नका. तुम्हाला दोन सापडले तर ते भरपूर आहेत.

आणि नाक 'खराब' असण्याबद्दल: प्रत्येकाच्या नाकाला काही ना काही वास लागत नाहीतच. शिराझ या रेड वाइनमधला मिऱ्यासारखा वास रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो. हे 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं, आणि त्यांच्याच चाचणीत साधारण पाचातल्या एका माणसाला हा रेणू भरपूर असूनही जाणवला नाही. सगळे 'मिरी, मिरी' म्हणत असतील आणि तुम्हाला काही लागत नसेल, तर तुम्ही त्या पाचातले एक असाल. त्यात शिकण्याचा काही प्रश्नच नाही.

तुम्ही 'फक्त आंबट आणि तुरट' म्हणालात, त्यातल्या 'फक्त'वर माझा आक्षेप आहे. पाया तोच आहे. घोट थुंकून टाका आणि डोकं जरा पुढे झुकवा. गालांच्या आतून लाळ सुटत राहिली तर ते आम्ल. मग हिरड्यांवरून जीभ फिरवा. खरखरीत, कोरडं लागलं तर ते टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारं द्रव्य, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंडातलं वंगणच जातं. या दोन गोष्टी ज्याला वेगळ्या काढता येतात तो अर्ध्या टेस्टिंगच्या पुढे आहे.

शिकायचं तर एका वेळी दोन ग्लास आणि त्यांत शक्यतो एकच फरक. शार्डोने ही व्हाइट वाइन घ्या, आणि स्टीलच्या टाकीत केलेली शार्डोने आणि ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शार्डोने शेजारी ठेवा. व्हॅनिला ओककडून येतो. लोण्याचा वास मात्र ओकचा नसतो, जिवाणू मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल करतात तेव्हा तो तयार होतो. मी बराच काळ दोन्हीला 'ओक' समजत होते, कारण कागदावर ते एकत्र छापलेलं असायचं. टॅनिनसाठी पिनो न्वार आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन रेड घ्या. आम्ल आणि साखरेचा खेळ कळायला रीसलिंग या व्हाइट वाइनच्या दोन बाटल्या घ्या, एक कोरडी म्हणजे गोडी नसलेली आणि एक किंचित गोड. गोडीमागे केवढं आम्ल दडू शकतं ते बघून चकित व्हाल. एकच बाटली असेल तरी चालेल. तीच रेड एका ग्लासात फ्रिजमधली थंडगार आणि दुसऱ्यात साधारण 16 अंशांवर. थंड ग्लासात टॅनिन टोचेल आणि गंध मिटलेला असेल. कित्येक वाइनबद्दलची तक्रार ही खरं तर तापमानाची तक्रार असते.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर कुणाला तरी तीन ग्लास ओतायला सांगा, दोनांत एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. निव्वळ अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा जमलं की हुरळून जाऊ नका आणि चुकलं तर खचू नका. इथे गंधाचं नाव सांगायचं नसतं, फरक जाणवला एवढंच पुरे. नावं हवीतच असतील तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अ‍ॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात तयार केलेलं गंधचक्र, म्हणजे वाइनमधल्या वासांची नावं गटवार मांडलेली चकती, बघा. त्यांची पद्धत मला फार आवडते. साध्या, फारसा वास नसलेल्या वाइनमध्ये लवंग किंवा मिरी असा एकच पदार्थ थोडा वेळ ठेवायचा, काढून घ्यायचा आणि हुंगायचं. असा वास आणि शब्द नाकात जोडले जातात, कागदावर नाही.

कोर्सबद्दल. चांगले शिक्षक असतात, मला नंतर भेटलेही, त्यामुळे सरसकट नको म्हणणार नाही. आम्ल, टॅनिन, अल्कोहोल, गोडी हे ठरलेल्या क्रमाने तपासायची शिस्त कोर्समध्ये लवकर लागते. पण पैसे भरण्याआधी फोन करून विचारा की प्रत्येक बाटली ओतण्यापूर्वी कुणी हुंगून बघतं का, दोषी निघाली तर जादा बाटली असते का, आणि वर्णनाचा कागद आधी देता की नंतर. थुंकायला भांडं ठेवता का हेही विचारा. जिथे ते नसतं तिथे पाचव्या ग्लासानंतर कुणी काही शिकत नाही, आणि घरी गाडी चालवत जाणारे असतातच, त्याची मला फार काळजी वाटते. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर माझ्या मते त्याच पैशांत चारजणांनी मिळून बाटल्या घ्याव्यात.

किरकोळ पण महत्त्वाचं: त्या दिवशी अत्तर नको, तासभर आधी दात घासू नका. पहिला ग्लास नेहमी जास्त आंबट लागतो, म्हणून दुसऱ्यानंतर पहिल्याकडे परत या. हॉटेलात बाटली उघडून थोडी ओततात ती आवडली का विचारायला नसते, दोष आहे का बघायला असते. तिथे हुंगून परत करणं हा तुमचा हक्क आहे. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत बुचातून टीसीए येण्याचं कारण उरत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या सरावाला त्या बिनधास्त घ्या. त्यांना 'हलक्या' समजू नका.

ग्लासांचं म्हणाल तर प्रत्येक वाणाला वेगळा लागत नाही. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 1977 च्या मानकातला टेस्टिंगचा ग्लास साधारण 215 मिलिलिटरचा, तोंडाशी निमुळता असतो आणि त्यात 50 मिलिलिटर ओततात. तसलेच सहा एकसारखे घ्या, कारण तुलना करताना ग्लास बदलला की गंधही बदलतो. कपाटात उलटे ठेवू नका, आत लाकडाचा आणि धुळीचा वास कोंडतो, आणि तो वास पुठ्ठ्याच्या इतका जवळचा असतो की तुम्ही विनाकारण बाटलीला दोष द्याल. ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. साबणाचा वास आला तर नुसत्या पाण्याने, आणि मग त्याच वाइनच्या थेंबभराने विसळून घ्या.