खोकल्याचं कोणाला सांगितलं नाहीस?

*पत्र (थोडं कापून):*

मावशी, सलाम. आम्ही मूळचे नगरचे, आता बरीच वर्षं डॅलसला. मुलगा वीस वर्षांचा आहे. आमच्या मंडळीतल्या तरुणांची टीम मिशन ट्रिपला पेरूला निघाली आहे. इकितोसपर्यंत विमान, तिथून बोटीनं दीड दिवस आत, मग नदीकाठच्या वस्त्यांत दहा दिवस मुलांची शब्बाथशाळा आणि चर्चची डागडुजी. मुलाला हे देवाचं पाचारण वाटतं. खोलीत जिम एलियटचा फोटो लावलाय. मिस्टरांचा कडाडून विरोध आहे : मलेरिया, साप, ॲनाकोंडा. नगरहून सासूबाई रोज फोनवर म्हणतात, "परके मिशनरी आले नसते तर आपण आज कुठे असतो? जाऊ दे त्याला." घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. निघायला नऊ दिवस उरलेत, तिकीट मंडळीनं वर्गणी काढून काढलंय. त्याला आठ-दहा दिवसांपासून खोकला आहे, रात्री जास्त, ताप वगैरे नाही. नाव कापतील म्हणून कोणाला बोललो नाही. टीम दर शनिवारी प्रार्थनेला आमच्याच घरी जमते, त्या मुलांचा उत्साह बघून मला भरून येतं. तुम्ही आमच्या धर्माच्या नाही, म्हणूनच तुम्हाला विचारते. त्याला पाठवू की थांबवू?
— द्विधा मनःस्थितीतली आई

*उत्तर :*

अगं, मूळ पत्रात ॲनाकोंडाला अर्धं पान दिलंस आणि खोकल्याला एक ओळ. शिवाय त्या ओळीच्या शेवटी "कोणाला बोललो नाही" असं लिहून मोकळी झालीस. मी तिथेच अडकले.

नवऱ्याचं आधी उरकते. मलेरिया खरा आहे, पेरूच्या त्या लोरेतो भागात तो भरपूर आहे. त्यावर गोळ्या आहेत, मच्छरदाणी आहे. ॲनाकोंडाला तुझ्या मुलात काडीचा रस नाही. तुम्ही दोघं आठवडाभर भांडताय ते त्या जंगलापासून मुलाला काय होईल यावर. मुलापासून तिथल्या माणसांना काय होईल, हा प्रश्न तुमच्या घरात एकदाही निघालेला दिसत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. नगरच्या ख्रिस्ती घरात ते कुठून येतं हे मला कळतं. पण त्या परक्या मिशनऱ्यांचं काय झालं तेही त्यांना विचार. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानं गेला. आपल्याकडे पटकी, हिवताप हे सगळं जुनं, घरचं. त्यामुळे आलेला पाहुणा मरायचा. अमेझॉनच्या जंगलात नेमकं उलटं झालं. तिथे शतकानुशतकं गोवर नव्हता, देवी नव्हत्या, फ्लू नव्हता. पाहुणा शिंकून परत गेला आणि मेले ते यजमान. सासूबाईंचा दाखला म्हणून तिथे चालत नाही.

आणि तो जिम एलियटचा फोटो. ८ जानेवारी १९५६ ला इक्वादोरमध्ये कुरारे नदीच्या काठी वाओरानी लोकांनी भाले मारून पाच तरुण अमेरिकन मिशनऱ्यांना ठार केलं, त्यांतला हा एक. ती गोष्ट तुझ्या मुलाला पाठ असणार. दोनच वर्षांनी त्या पाचांतल्या एकाची बहीण आणि एलियटची विधवा पत्नी त्याच वाओरानींमध्ये राहायला गेल्या, हेही त्याला माहीत असेल. त्या बायकांच्या हिमतीपुढे मीही हात जोडते. पण पुढे जंगलभर विखुरलेली कुटुंबं मिशनच्या वस्तीत आणून एकत्र वसवली गेली आणि १९६९ मध्ये तिथे पोलिओची साथ आली. सोळा माणसं गेली, जवळपास तेवढीच पांगळी झाली. पोलिओची लस तेव्हा जगात होती. या सोळांचा फोटो कोणाच्या खोलीत नसतो.

आणखी एक सांगते. ब्राझीलच्या यानोमामी लोकांचा आज जगभर ओळखला जाणारा पुढारी दावी कोपेनावा. दावी हे नाव मिशनऱ्यांनीच ठेवलेलं, बायबलातलं. १९६७ साली तोतोतोबी नदीवरच्या मिशनमध्ये एका मिशनरी कुटुंबातल्या छोट्या मुलीबरोबर गोवर आला. कोणी मुद्दाम आणला नव्हता, मुलगी आजारी होती एवढंच. त्या साथीत दावीची आई गेली. यानोमामी मृताला दहन देतात आणि अस्थींचे विधी करतात. मिशनऱ्यांनी त्याच्या आईला पुरलं आणि कुठे पुरलं ते त्याला कधी कळलं नाही. म्हणून आईचं सुतक त्याला पाळता आलं नाही. ते मिशनरी दुष्ट नव्हते गं. तुझ्यासारखेच होते, श्रद्धाळू आणि घाईत.

आता तू म्हणशील, माझा मुलगा कुठे असल्या आडरानात चाललाय? बरोबर आहे. इकितोसला रस्ता जात नसला तरी ते मोठं शहर आहे, आणि बोटीनं दीड दिवसावरच्या नदीकाठच्या लोकांनी फ्लू, गोवर सगळं पाहिलेलं आहे. त्यांच्या गावात चर्चही आहे, नाहीतर डागडुजी कसली करणार? म्हणून तिथलं चित्र पोरगा तिथे रोज काय करणार त्यावरून बघ. सकाळी वीस-पंचवीस मुलं गोळा करून गाणी म्हणायची. दुपारी कोणाचं तरी तान्हं कडेवर घेऊन फोटो काढायचा, तुमच्या मंडळीच्या पानावर असे फोटो असणारच. संध्याकाळी कोणी मसातो पुढे करेल. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचं आंबवलेलं पेय, कंद चावून आंबवायची तिथे जुनी रीत आहे. वाडगा एकच असतो आणि तो हातोहात फिरतो. नाही म्हणणं वाईट दिसतं, म्हणून तो घोट घेईल, खोकेल आणि वाडगा पुढे देईल.

विशीतला मुलगा, दहा दिवस खोकला, रात्री जास्त, ताप नाही. मी डॉक्टर नाही, पण हे वाचून कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात डांग्या खोकला येईल. लहानपणी घेतलेल्या त्रिगुणी लसीचा जोर ओसरतो, अकरा-बाराव्या वर्षी घेतलेला डोसही विशीपर्यंत पातळ होतो. २०२४ मध्ये तुमच्या अमेरिकेत या खोकल्याचे रुग्ण आदल्या वर्षाच्या कितीतरी पट वाढले होते. तरुणाला तो नुसता त्रास देतो, रात्रीची झोप मोडतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, ज्याला अजून पहिली लसही मिळालेली नाही, ते मात्र खोकता खोकता श्वास घ्यायचं थांबतं. अलीकडेच त्याच लोरेतोमध्ये डांग्या खोकल्याच्या साथीत तान्ही मुलं गेली आहेत. डॅलसमध्ये असं झालं तर तुम्ही वीस मिनिटांत इमर्जन्सीत पोचाल. तिथे बाळाला होडीत घालून निघायचं, आणि पाणी उतरलेलं असेल तर होडीही रखडत जाते.

कदाचित साधा खोकला असेल. असू दे. पण "नाव कापतील" म्हणून गप्प बसलात, याचाच मला राग आलाय. नाव कापायला त्यांच्याकडे कारण आहे हे तुम्हाला कळत होतं, म्हणूनच गप्प बसलात ना? आणि ती सगळी टीम दर शनिवारी तुझ्याच घरात जमते, दारं-खिडक्या लावून, एसी लावून. खोकला आता त्याच्या एकट्याचा राहिलाय की नाही, कोणाला ठाऊक.

तेव्हा पाठवू की थांबवू याचा निकाल तू लावायचाच नाहीस. आज रात्री मुलानं स्वतः टीमच्या पाळकांना फोन करायचा. तू नाही, त्यानं. मला इतक्या दिवसांपासून खोकला आहे, मी लपवला, उद्या तपासून घेतो, रिपोर्ट येईपर्यंत मला टीममध्ये धरू नका आणि बाकीच्यांनीही तपासून घ्या, एवढं सांगायचं. वीस वर्षांचा आहे, पाचारणाची भाषा बोलतो, हा फोन त्याला जड जाऊ नये. फार जड गेला, तर तो पेरूला जायला तयार नाही एवढं तरी तुला कळेल. मग पाळक म्हणाले थांब, की थांबायचं. वर्गणीची लाज धरू नकोस. पैसे देणाऱ्यांपैकी एकालाही दीड दिवसाच्या वाटेवरच्या एखाद्या घरातलं मूल आजारी पाडायचं नव्हतं.

धर्म सांगायला जावं की नाही, या वादात मी पडत नाही, तो तुमच्या घरात पुरेसा चाललाय.

उद्या डॉक्टरकडे तूही बरोबर जा आणि स्वतःचीही तपासणी करून घे. खोकला कधीपासून आहे असं विचारलं की "दोन-तीन दिवस" सांगायचं नाही. आठ-दहा दिवस म्हण, आणि तो नऊ दिवसांनी कुठे चाललाय तेही सांग. या शनिवारची प्रार्थना फोनवर ठेवा.